‘कोणाबद्दल’चा रकाना

शिवदास म्हात्र्यांनी रेवसच्या धक्क्यावरच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं काढली. भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची तिकिटं देता देता त्यांना माणसं बघायची सवय लागली, आणि मग बघितलेलं लिहायची. २०११ साली मुलगा भावेशने त्यांना एक ब्लॉग उघडून दिला आणि मराठी कसं टाइप करायचं ते एका दुपारी बसून शिकवलं. तेव्हापासून मास्तर जवळजवळ दर आठवड्याला एक नोंद टाकत आले. कोणत्या वर्षी धुकं किती दिवस टिकलं, मिठागरावरच्या बायका कोणत्या लाँचने परतायच्या, एक म्हातारा रोज धक्क्यावर येऊन लाँचमध्ये न बसता परत का जायचा, असलं सगळं. वाचणारे थोडेच होते. मास्तरांना त्याचं फारसं वाटत नसे.

तिकीट मास्तर म्हणून त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही म्हणत राहिले. बायको कृष्णाबाई चार वर्षांपूर्वी गेली. भावेशचे दोन ट्रेलर उरणच्या बंदरावर चालतात. तो पनवेलला राहतो आणि गणपतीला व होळीला येतो. घरात मास्तर एकटे. कधीकधी दुपारपर्यंत त्यांचा आवाज उघडलेलाच नसायचा, आणि फोन आला की पहिलं ‘हॅलो’ घोगरं निघायचं.

गेल्या नोव्हेंबरात असाच एक फोन आला. उरणजवळच्या मोऱ्याहून परेश कोळी बोलत होता. त्याचे वडील तुकाराम एके काळी रेवसच्या लाँचवर तांडेल होते, म्हणजे लाँच त्यांच्या हुकमाने चाले. आता ते अंथरुणाला खिळले होते. घरची माणसं ओळखत नव्हते, पण लाँचचा विषय निघाला की डोळे उघडायचे. परेशला कोणीतरी सांगितलं होतं की मास्तरांनी त्याच्या वडिलांवर लिहिलंय, दाट धुक्यात इंजिन बंद करून नुसत्या कानाने त्यांनी किनारा कसा गाठला ते. त्याला ते वडिलांना वाचून दाखवायचं होतं.

मास्तर म्हणाले, आत्ता शोधून पाठवतो.

पण ते सापडेना. ब्लॉगवर एका वेळी सात नोंदी दिसायच्या. खाली ‘जुन्या नोंदी’ असं लिहिलेलं, ते दाबलं की आणखी सात. मास्तरांना साल आठवत नव्हतं. ‘तुकाराम’ शोधून पाहिलं तर काहीच आलं नाही. ते सात-सात करत मागे जात राहिले. मध्येच एखादी जुनी नोंद दिसली की ती वाचत बसायचे, मग कुठवर आलो होतो ते विसरायचे. चौथ्या दिवशी दुपारी ती नोंद सापडली. शीर्षक होतं ‘कान’. आत सगळीकडे ‘तुक्या तांडेल’ असं लिहिलेलं होतं, धक्क्यावर सगळे हाक मारायचे तसं.

त्यांनी लगेच परेशला फोन लावला. परेश म्हणाला, बाबा काल सकाळी गेले.

परेशच्या आवाजात राग नव्हता. तो म्हणाला, “पाठवा तरी, मास्तर. मी वाचीन.”

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी अमिषा राऊतला फोन केला. अमिषा चौलची, चाळिशीची बाई. नागाव-चौलकडच्या घरगुती लॉजवाल्यांच्या वेबसाइट ती करून द्यायची. वर्षभरापूर्वी मास्तरांचा ब्लॉग तिनेच वेगळ्या साइटवर हलवून दिला होता. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, सगळं बोलणं फोनवरच. मास्तरांनी तिला परेशचं सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, तुमच्या नोंदी नुसत्या एकावर एक पडल्यात, काका. त्यांचा तक्ता करायला हवा. एका ओळीत एक नोंद. तारीख, शीर्षक, गाव, विषय असे रकाने. वर शोधायची चौकट. चौकटीत चार अक्षरं टाकली की तेवढ्याच ओळी उरतील. रकान्याच्या नावावर बोट ठेवलं की तारखेने लावा, गावाने लावा, हवं तसं.

मास्तरांनी विचारलं, त्यात अजून एक रकाना घालता येईल का. कोणाबद्दल लिहिलंय त्याचा.

अमिषा म्हणाली, घालते की. पण तारीख आणि शीर्षक मशीन आपोआप उचलेल. गाव, विषय आणि हा तुमचा रकाना, हे तीन तुम्हालाच भरावे लागतील. सहाशे बेचाळीस नोंदी आहेत.

“मला दुसरं काय काम आहे,” मास्तर म्हणाले.

ते काम त्यांना अडीच महिने पुरलं. सकाळी चहा झाला की बसायचे. एकेक नोंद उघडायची, पूर्ण वाचायची, मग तिन्ही रकाने भरायचे. आपण कुठे ‘रेवस’ लिहिलंय आणि कुठे ‘रेवास’ हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. अमिषाने बजावलं होतं की मशीनला हे दोन्ही एक गाव आहे हे कळणार नाही, एकच ठरवा. त्यांनी सगळीकडे ‘रेवस’ केलं. ‘कोणाबद्दल’च्या रकान्यात ते टोपणनाव आणि खरं नाव दोन्ही घालू लागले. तुक्या, तुकाराम कोळी. मीठवाली मनी, मनुबाई ठाकूर. ज्यांचं खरं नाव माहीत नव्हतं त्यांच्यासाठी धक्क्यावर जाऊन विचारून यायचे. त्या निमित्ताने बोलणं व्हायचं. त्या अडीच महिन्यांत त्यांच्या तोंडून वर्षभरात निघाले नसतील तितके शब्द निघाले.

फेब्रुवारीत एका बुधवारी अमिषाने तक्ता साइटवर चढवला आणि फोन करून सांगितलं. मास्तरांनी उघडून पाहिला. वर चौकट, खाली ओळी, आणि अगदी तळाला लिहिलेलं: ‘६४२ पैकी १ ते २५’. त्यांनी चौकटीत ‘तुकाराम’ टाकलं. तीन ओळी उरल्या. ‘कान’ पहिलीच.

मग त्यांना नादच लागला. एकेक नाव आठवायचं आणि टाकायचं. भजी विकणारा दादू, पाच ओळी. लाँचवर बाळंत झालेली बाई, एक ओळ. मास्तरांनी ज्याच्याशी दहा वर्षं भांडण धरलं होतं तो हमाल, नऊ ओळी. ते एकटेच हसले. असं करता करता त्यांनी ‘कृष्णाबाई’ टाकलं.

तक्ता रिकामा झाला. मधोमध एकच वाक्य राहिलं: ‘जुळणारी एकही नोंद सापडली नाही.’

त्यांना वाटलं, अक्षर चुकलं असेल. ‘कृष्णा’ टाकून पाहिलं. ‘क्रुष्णाबाई’ टाकलं. माहेरचे तिला कृष्णी म्हणायचे, तेही टाकलं. वाक्य तेच येत राहिलं. आपणच भरलेला रकाना, तेव्हा आपणच कुठेतरी घालायचं विसरलो असू, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि अमिषाला फोन लावला. अमिषा म्हणाली, हे फक्त रकान्यांमध्ये शोधतं. मी ते नोंदींच्या आतल्या मजकुरातही शोधेल असं करून देते. संध्याकाळपर्यंत तिने ते केलं आणि फोन केला. मास्तरांनी पुन्हा नाव टाकलं. पुन्हा काही नाही.

अमिषा फोनवरच होती. तिने हळूच विचारलं, “काका, काकूंना तुम्ही लिहिताना काय म्हणायचात?”

मास्तरांनी स्वतःच चौकटीत एक शब्द टाकला: ‘घरातून’. अठ्ठावन्न ओळी आल्या.

घरातून डबा आला. घरातून निरोप आला की पाहुणे आलेत. घरातून म्हणणं पडलं की आज वारा वाईट आहे. जुन्या वळणाचे लोक बायकोचं नाव घ्यायला लाजायचे, ‘आमच्या घरातून’ असंच म्हणायचे. मास्तरही तसंच लिहीत गेले होते. सहाशे बेचाळीस नोंदींमध्ये भजीवाल्याचं नाव होतं, हमालाचं होतं, दोन कुत्र्यांची होती. अडतीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवले तिचं नव्हतं. त्यांनी अमिषाला सांगितलं की नंतर बोलू, आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस त्यांनी त्या अठ्ठावन्न नोंदी वाचल्या. बहुतेकांमध्ये तिच्याबद्दल एकच वाक्य होतं. तिच्याबद्दल अशी पूर्ण नोंद फक्त एक होती, २०१४ सालची, ‘घरचा फुकट पास’ नावाची. तिकीट मास्तरच्या कुटुंबाला लाँचचा पास मिळायचा. कृष्णाबाईने तो जन्मात एकदाही वापरला नाही. मुंबईला जायचं झालं तर पेण-पनवेलवरून अख्खा दिवस धक्के खात एसटीने जायची. त्यावर मास्तरांनी खुसखुशीत लिहिलं होतं. पास आहे, लाँच आहे, नवरा खिडकीत बसलाय, पण घरातून कोणी लाँचवर चढायच्या फळीवर पाऊल टाकायला तयार नाही, जमिनीवरच्या माणसांना पाण्याची किंमत कशी कळणार, वगैरे. खाली एकोणीस जणांनी वाहवा केली होती. इतक्या प्रतिक्रिया दुसऱ्या कुठल्याच नोंदीला आल्या नव्हत्या.

ते वाचताना त्यांना शेवटच्या आजारपणातला दिवस आठवला. मुंबईच्या इस्पितळात न्यायचं होतं. लाँचने दीड तास. कृष्णाबाई म्हणाली, गाडीनं न्या. तिला नीट बसवत नव्हतं, तरी तेच. मास्तरांनी गाडी केली, पण रस्ताभर ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. असल्या वेळीसुद्धा हट्ट सोडत नाही याचा त्यांना राग आला होता. वडखळच्या पुढे तिने पाणी मागितलं तेव्हा त्यांनी बाटली नुसती पुढे केली होती.

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवी नोंद उघडली. वर ‘कृष्णाबाई’ असं लिहिलं. खाली लिहिलं, माहेर चौल. सातवीपर्यंत शिक्षण. मग थांबले. तासाभराने पाहिलं तर दोनच वाक्यं होती. एकदा भेटलेल्या प्रवाशावर ते पानभर लिहायचे. बायकोबद्दल त्यांना विचारायला हवं होतं, आणि विचारायला ती नव्हती.

पुढच्या शुक्रवारी ते अलिबागला उतरून रेवदंड्याच्या एसटीने चौलला गेले. कृष्णाबाईची थोरली बहीण सखुबाई तिथेच एका वाडीत राहायची. वय ऐंशीच्या जवळ, कानाने चांगली, डोळ्याने अधू, अक्षरओळख नाही. मास्तर चार वर्षांत तिच्याकडे गेले नव्हते. ती पडवीत सुपाऱ्या सोलत बसली होती. आवाजावरून तिने ओळखलं, सुनेला चहा टाकायला सांगितलं, आणि इतक्या दिवसांनी कसे आलात असं काही विचारलं नाही.

मास्तरांनी सांगितलं की कृष्णाबद्दल लिहायचंय आणि मला तिचं लहानपण काही माहीत नाही. सखुबाई सांगू लागली. कृष्णी झाडावर चढायची, बापाचा मार खायची, शाळेत कविता तोंडपाठ म्हणायची. मास्तर वहीत लिहून घेत होते. बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, अक्का, ती लाँचमध्ये का बसत नव्हती? मी तिला फार चिडवलं त्यावरून.

सखुबाईचे हात थांबले.

“तुमाला सांगितलं न्हाय तिनं?” ती म्हणाली. “कदी न्हाय?”

मग तिने सांगितलं. त्यांना एक भाऊ होता, रघू, सहा वर्षांचा. मास्तरांना एवढंच माहीत होतं की एक भाऊ लहानपणी तापाने गेला. ताप नव्हता. तेव्हा रेवदंड्याच्या खाडीवर पूल नव्हता, साळावला होडीने जायचे. पलीकडे लग्न होतं. होडीला गर्दी होती. आईच्या कडेवर तान्हं मूल, सखूच्या डोक्यावर बोचकं, म्हणून आईने अकरा वर्षांच्या कृष्णीला सांगितलं की रघूचा हात धर. साळावला उतरताना होडी हलली. रघू होडी आणि दगडी धक्का यांच्या मधल्या फटीत गेला. कृष्णीने हात सोडला नव्हता, हात निसटला. खांद्यापर्यंत भिजून ती तिथेच बसून राहिली, कोणी उचललं तरी उठेना.

“बानं तिला बोल लावला न्हाय,” सखुबाई म्हणाली. “आयनं लावला. एकदाच, पन लावला. मंग घरात रघूचं नावच निघंना. लगीन ठरलं तवा आयनं तिला शपथ घातली, सासरी बोलायचं न्हाय. लोक म्हनतील पोरगी अपशकुनी हाय.”

मास्तरांची पेन्सिल वहीवर तशीच टेकलेली होती. समोरचा चहा गार झाला. त्यांना विचारायचं होतं की मला का सांगितलं नाही, पण ते सखुबाईला विचारून काय होणार होतं. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांचं घर. लाँच लागताना फळी टाकायचा आवाज अडतीस वर्षं तिच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होता. तो आवाज ऐकत तिने डबे भरले होते.

निघताना त्यांनी विचारलं, “अक्का, हे लिहिलं तर चालेल का?”

सखुबाईने हातातली सुपारी सोलून बाजूला ठेवली. “लिवा,” ती म्हणाली. “आता कोन राह्यलंय बोलायला. पन रघूचं नाव लिवा. त्याचा फोटो न्हाय, दाखला न्हाय. कुटंच न्हाय तो.”

मास्तरांनी ती नोंद नऊ दिवस लिहिली. त्यात ‘घरातून’ हा शब्द एकदाही आला नाही. गाडीतलं न बोलणंही त्यांनी लिहिलं, बाटलीसकट. ‘फुकट पास’ काढून टाकावी असं त्यांच्या मनात आलं. अमिषाला विचारलं तर ती म्हणाली, एका क्षणात जाईल, तक्त्यातूनही जाईल, तुम्ही सांगा. मास्तरांनी रात्रभर विचार करून सांगितलं की राहू दे. त्या नोंदीखाली त्यांनी फक्त एवढं घातलं की हे लिहिणाऱ्याला काही माहीत नव्हतं, आणि नवी नोंद कुठे वाचायची ते.

नवी नोंद टाकल्यावर त्यांनी सखुबाईला फोन केला. सुनेने फोन तिच्या कानाला लावला. मास्तरांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, वीसएक मिनिटं लागली. संपल्यावर सखुबाई म्हणाली, रघूचं नाव आलं तिथून परत वाचा. त्यांनी वाचलं.

मग त्यांनी राहिलेलं काम घेतलं. त्या अठ्ठावन्न नोंदी एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीच्या ‘कोणाबद्दल’च्या रकान्यात ‘कृष्णाबाई म्हात्रे’ असं घातलं. जिथे तिचा नुसता डबा आला होता तिथेही. संपवून चौकटीत नाव टाकलं तेव्हा एकोणसाठ ओळी आल्या. मास्तरांना वाटलं होतं की तेव्हा काहीतरी बरं वाटेल. त्यांनी संगणक बंद केला, भाताचं पातेलं धुतलं आणि ओट्यापाशी उभं राहून जेवले.

नोंदीवर कोणी फारसं काही लिहिलं नाही. परेश कोळीने दोन ओळी लिहिल्या, की त्याने ती आईला वाचून दाखवली. अमिषाने फोन केला, नोंद वाचली एवढंच सांगितलं. उद्या करते म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी केला.

पंधरा दिवसांनी भावेशचा फोन आला. कोणीतरी त्याला ती नोंद पाठवली होती. मागे ट्रेलरचा, हॉर्नचा आवाज येत होता. त्याने आधी इकडचं तिकडचं विचारलं, गोळ्या घेता का, गॅस आहे का. मग म्हणाला, “बाबा, रघूमामाचं तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

मास्तर म्हणाले, “तुला ठाऊक होतं?”

“मी पोहायला शिकायचं म्हटलं तेव्हा आईने सांगितलं होतं. मी नववीत होतो. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. ती म्हणाली होती, बाबांना पाण्याचं फार वेड आहे, त्यांच्यासमोर हा विषय काढू नको.”

मास्तर अंगणात उन्हात वाळत घातलेल्या मिरच्या एका हाताने पसरू लागले.

“अजून काय काय सांगायची ती तुला?” त्यांनी विचारलं.

भावेश म्हणाला, असं एकदम आठवत नाही. इथे गाडी लागायचीय. रविवारी आलो की सांगतो.

त्या रविवारी तो आला नाही, गाडी नाव्हाशेव्याला अडकली होती. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मास्तरांनी स्वतःच फोन केला. भावेश चार-पाच मिनिटं बोलला. आईला ताडगोळे आवडायचे, पण तुम्ही आणायचात ते नेहमी जून निघायचे, म्हणून ती शेजारी देऊन टाकायची, एवढं त्याला आठवलं होतं. मास्तरांना ते माहीत नव्हतं.

तेव्हापासून ते दर रविवारी सकाळी अकरा वाजता भावेशला फोन लावतात. कधी तो घाईत असतो, कधी उचलत नाही, आणि उचलला तर कधीकधी म्हणतो की आज काही आठवत नाही, बाबा. तेव्हा मास्तर बरं म्हणतात आणि फोन ठेवतात. आठवलं तर ऐकून घेतात, मध्ये बोलत नाहीत. यातलं त्यांनी अजून काही लिहिलेलं नाही.